स्वेच्छानिवृत्तीचे पैसे आणि काटोलचे वावर

प्रश्न : माझे वय ५६ असून मी बुटीबोरीतील एका कारखान्यात नोकरीला आहे. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यास भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटी धरून, कर वजा जाता, ४२ लाख रुपये हाती येतील. काटोलजवळ वडिलोपार्जित ६ एकर जमीन व एक विहीर आहे. आजवर जमीन मक्त्याने दिली. सातबाऱ्यावर माझे आणि धाकट्या भावाचे नाव आहे. तो पुण्यात असतो, त्याची हरकत नाही. ४ एकर संत्रा, दहा म्हशी आणि गावरान कोंबड्या असा २६ लाखांचा बेत आहे. घरखर्च महिन्याला ३८,००० रुपये आहे. हे करावे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर :

नमस्कार. आपण शेतीकडे जावे असे मला मनापासून वाटते, परंतु या बेताने जाऊ नये. पत्रासोबत पाठवलेल्या तक्त्यात आपण दहाव्या वर्षीच्या बागेचे उत्पन्न बारकाईने मांडले आहे. पहिल्या पाच वर्षांत घर कशावर चालणार, याचा मात्र त्यात उल्लेख नाही, आणि माझ्या मते हा निर्णय तिथेच ठरणार आहे. संत्र्याचे कलम लावल्यापासून विक्रीजोगा बहार मिळायला पाच वर्षे लागतात. ४२ लाखांतून २६ लाख शेतात गेले की १६ लाख उरतात. घरखर्च वर्षाला ४ लाख ५६ हजार होतो, म्हणजे महागाई न धरताही ही रक्कम साडेतीन वर्षांत संपते. व्याजामुळे काही महिने वाढतील इतकेच. बाग फळावर येण्याच्या सुमारास कर्ज काढावे लागेल किंवा बहार झाडावर असतानाच मिळेल त्या भावाने व्यापाऱ्याला द्यावा लागेल. पैशाची निकड असलेल्या बागाईतदाराचा सौदा कसा होतो, हे काटोल-नरखेडकडे कोणालाही विचारावे : इसार आधी घेतलेला असतो, मग गळती झाली, चुरी (बारीक फळ) जास्त निघाली, असे म्हणत भाव पाडला जातो आणि शेतकऱ्याला गप्प बसावे लागते.

म्हणून आधी घर सुरक्षित करावे. ५५ ते ६० या वयात निवृत्त होणाऱ्यांना, निवृत्तीचे लाभ हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत खाते उघडता येते. तिची मर्यादा ३० लाख आहे. सध्याच्या ८.२ टक्के दराने ३० लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५०० रुपये येतील. उरलेली १७,५०० रुपयांची तूट दोन वर्षांत ४ लाख २० हजारांची होते. तिच्यासाठी आणि अडीअडचणीसाठी ६ लाख रुपये बँकेच्या मुदत ठेवींत ठेवावेत. कर्मचारी निवृत्तिवेतन ५८ व्या वर्षापर्यंत सुरू करू नये, कारण आधी घेतल्यास प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात कायमची होते. कारखान्याचा सामूहिक आरोग्य विमाही नोकरीबरोबर संपेल, तेव्हा राजीनाम्यापूर्वीच स्वतःची पॉलिसी घ्यावी. शेतीसाठी राहतात ६ लाख, आणि सुरुवातीला तेवढे पुरे आहेत.

आता धाकट्या भावाविषयी. त्याची हरकत नाही, हे आज खरे असेल. पण झाड पंधरा-वीस वर्षे उभे राहते आणि तोंडी संमती तेवढी टिकेल असे धरून कोणी लाखो रुपये जमिनीत घालू नयेत. बहीण असेल तर तिचाही हक्क तपासावा. रीतसर वाटणी करून, फेरफार (तलाठी दप्तरी नावांच्या बदलाची नोंद) होऊन, आपल्या नावाचा स्वतंत्र सातबारा हाती आल्याशिवाय एकही खड्डा खोदू नये. समान वाटणी झाली तर आपल्या वाट्याला ३ एकर येतील. संत्रा फक्त त्यातच लावावा. भावाच्या तीन एकरांत तूर, सोयाबीन, हरभरा अशी हंगामी पिके घ्यावीत, म्हणजे उद्या त्याला जमीन हवी झाली तर एका हंगामात मोकळी करून देता येईल. वाटणीचा आणखी एक फायदा असा की दोन हेक्टरपर्यंतच्या (सुमारे पाच एकर) शेतकऱ्याला आपल्या राज्यात ठिबकसाठी सरकारने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडाच्या ८० टक्के अनुदान मिळते, तर त्यावरील शेतकऱ्याला ७५ टक्के.

बाग दोन एकरांपेक्षा मोठी नको. सहा बाय सहा मीटरवर एकरी सुमारे ११० झाडे बसतात, म्हणजे २२० झाडे होतील. कलमे रस्त्याकडेच्या पन्हेरीतून (रोपवाटिकेतून) स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नयेत, कारण डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा) रोग घेऊन आलेले कलम आपले खरे रूप झाड फळावर आल्यावर दाखवते. अमरावती रोडवरील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेकडे रोगमुक्त कलमांची चौकशी करावी. २०१९ च्या उन्हाळ्यात या भागात उभ्या बागा वाळल्या, तेव्हा पाणी हा पहिला खर्च, झाडे दुसरा. बाजारभावाचीही खात्री धरू नये : बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत नेल्यावर आपल्या संत्र्याची मोठी गिऱ्हाइकी आकसली आणि त्याचा फटका नागपूरच्या कळमना बाजारापासून बांधापर्यंत बसला. खते-औषधांसाठी स्वतःची पुंजी न मोडता किसान क्रेडिट कार्ड वापरावे. ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज ७ टक्क्यांनी मिळते आणि वेळेवर फेडल्यास ते ४ टक्क्यांना पडते.

दहा म्हशींबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. कळमेश्वरकडच्या माझ्या एका अशिलाने दुधाची वही आणून दाखवली होती. डावीकडे सकाळ-संध्याकाळच्या लिटरांचे रकाने, उजवीकडे ढेप, कुटार या खाद्याचा खर्च. दोन म्हशी भाकड होत्या, त्या महिन्यांत डावीकडे नुसत्या आडव्या रेघा होत्या आणि उजवीकडचा एकही दिवस रिकामा नव्हता. दहा म्हशींना सालगडी लागतो, तो गुढीपाडव्याला ठरतो आणि मध्येच सोडून गेला तर पहाटे पाच वाजता धारेला आपण आणि वहिनीच उभे राहाल. दोन म्हशींनी सुरुवात करावी, आणि आपल्या दोघांची मजुरी खर्चात धरूनच नफा मोजावा. ती वगळून दिसणारा नफा म्हणजे आपलाच न घेतलेला पगार असतो. कोंबड्या पन्नासाच्या वर सध्या नकोत.

कराबाबत एवढेच ध्यानात ठेवावे की पिकाचे उत्पन्न करमुक्त असले तरी दूध आणि अंडी यांचे उत्पन्न शेतीचे मानले जात नाही, ते धंद्याचे ठरते. त्यामुळे पहिल्या दिवसापासून दोन वह्या आणि दोन बँक खाती असावीत.

स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करण्यापूर्वी दोन गोष्टी हाती असाव्यात. एक, वाटणीचा फेरफार. दुसरी, मे महिन्याच्या अखेरीस सकाळी विहिरीत दोरी सोडून मोजलेले पाणी, आणि मोटार किती तास चालल्यावर विहीर कोरडी पडते व पुन्हा भरायला किती वेळ घेते याची नोंद. मोटार दोन तासही चालत नसेल तर या वर्षी कलमे लावू नयेत, नोकरी सोडू नये आणि मक्ता आणखी एक साल चालू द्यावा.