बाहेरचा कन्सोल: प्लग लावण्याआधी

परदेशातून गेमिंग कन्सोल आणलास, अभिनंदन! आता आधी कन्सोल किंवा अडॅप्टर पालथा करून लेबल वाच. ‘१००-२४० व्होल्ट’ असेल तर निर्धास्त राहा. पीएस५ला (प्लेस्टेशन ५) पुण्याच्या तापकीर गल्लीतली आठच्या आकाराच्या टोकाची साधी केबल पुरते. नुसतं १०० किंवा १२० असेल (निन्टेंडोचे जुने कन्सोल: जपानी सुपर फॅमिकॉम, अमेरिकन वी (Wii)), तर आपल्या २३० वर लावलास की संपलंच. ट्रॅव्हल प्लग फक्त पिना बदलतो, व्होल्टेज नाही. नवखे इथेच फसतात. व्होल्टेज कमी करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घे: जपानीला १०० चा, अमेरिकनला ११०-१२० चा, वॅट कन्सोलच्या लेबलवरच्या आकड्याच्या निदान दीडपट.

पीएस५, निन्टेंडो स्विचचे गेम सहसा कुठल्याही देशाचे चालतात. डीएलसी (गेमचा डाउनलोड करायचा जादा भाग) मात्र गेम ज्या रिजनचा, म्हणजे ज्या देशांसाठीचा, तिथल्याच अकाउंटवरून घे. मॉडिंगचं (कन्सोलमध्ये फेरफार करण्याचं) सध्या नावही काढू नकोस.