'एकटी', 'एकाकी' आणि मानपत्रातले 'असूनही'

म्हापशाच्या एका शिक्षकांचा प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्या शाळेतल्या एक कॅथलिक बाई यंदा निवृत्त होत आहेत. बाईंनी लग्न केलेले नाही; शाळा सुटली की त्या फिर्गजेच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीतल्या, कामात असतात. मानपत्र लिहायचे काम या शिक्षकांकडे आले. त्यांनी लिहिले, 'अविवाहित असूनही त्या समाधानी आहेत.' बाईंनी मसुदा वाचला आणि ती ओळ खोडली. मग यांनी 'आपले एकाकी जीवन त्यांनी चर्चच्या सेवेत आनंदाने घालवले' असे केले. तीही खोडली गेली. आता विचारतात: 'एकटी' लिहिले तर चालेल का, की त्यातही कमीपणा आहे? मराठीत यासाठी बरा शब्दच नाही का?

बाईंनी दोन्ही ओळी खोडल्या हे फार बरे केले. शब्द आहे, तुम्ही विचारलेलाच आहे. पण आधी 'असूनही'चा निकाल लावू, कारण हे 'असूनही' मी सत्कारात, स्मरणिकांत, श्रद्धांजलीच्या भाषणांत इतक्यांदा ऐकले आहे की आता राहवत नाही. 'गरीब असूनही प्रामाणिक' लिहिणारा माणूस एका झटक्यात सगळ्या गरिबांना चोर ठरवतो. 'अविवाहित असूनही समाधानी' हे त्याच जातीचे वाक्य. लग्न नाही म्हणजे रडगाणे असणारच, आणि ही बाई रडत नाही हे नवल, असे त्या 'ही'मध्ये भरलेले आहे. 'विवाहित असूनही समाधानी' असे कुणाच्या मानपत्रात छापून आलेले मी पाहिलेले नाही.

'एकाकी'चा अपराध याहून मोठा, कारण तो शब्द जाणकार मंडळीही बेधडक वापरतात. एकटी राहते म्हणजे एकाकी आहे, असे समीकरणच करून टाकले आहे. पाणिनीने या शब्दासाठी स्वतंत्र सूत्र खर्ची घातले आहे: 'एकादाकिनिच्चासहाये' (5.3.52). 'एक' शब्दाला 'आकिनिच्' हा प्रत्यय लागतो तो 'असहाय' या अर्थी, म्हणजे ज्याला सोबत नाही, मदतीला कुणी नाही अशाच्या बाबतीत. अर्थ सूत्रातच सांगून ठेवला आहे, वादाला जागा नाही. यावर कुणीतरी हटकून गीतेचा सहावा अध्याय काढतो: 'एकाकी यतचित्तात्मा', तिथे तर योगी एकाकी आहे! आहे ना. पण त्याच श्लोकात 'रहसि स्थितः' असेही म्हटले आहे. तो एकांतात जाऊन बसलेला आहे. तुमच्या बाई रविवारी सकाळी दोतोर्नच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वर्गात पोरांच्या गलक्यात उभ्या असतात. त्यांना कुठला एकांत?

आणि कुठली असहायता? मे महिन्यात तुमच्या बार्देश तालुक्यातल्या कुठल्याही वाड्यावर संध्याकाळी खुरसाकडे, म्हणजे क्रुसाकडे, लदाइन (गाऊन म्हणायची प्रार्थना) असते तेव्हा जाऊन पाहा. खुरसाला झेंडूच्या माळा, पायरीवर मेणबत्त्या, वारा आला की विझणाऱ्या. बाजावाला सूर धरतो आणि पुढे उभी असलेली एक बाई वही न उघडता पहिली ओळ उचलते; तिच्या मागून अख्खा वाडा गातो. ती सुरू करत नाही तोवर कुणी तोंड उघडत नाही. मग उकडलेले चणे वाटले जातात, खुर्च्या एकात एक घातल्या जातात, कुणाच्या म्हाताऱ्या आईला घरापर्यंत पोचवायचे हे तीच ठरवते. आणि एवढे सगळे झाल्यावर मुंबईहून सुटीला आलेली कुणी नातेवाईक तिलाच विचारते, 'घरा एकलीच मगो?' प्रश्न प्रेमाने विचारलेला असतो, मान्य. पण त्यामागे तेच 'असूनही' उभे असते.

आता 'एकटी'. माझ्या दृष्टीने मराठीतल्या सर्वांत देखण्या शब्दांपैकी हा एक आहे, आणि त्याची व्युत्पत्ती बहुतेक लोक चुकीची सांगतात.

प्रचलित मत असे की एकटा म्हणजे 'एक'ला लागलेला 'टा', चोरटा किंवा भुरटा यांतला. हा 'टा' हिणवणारा. म्हणून एकटा म्हणजे 'बिचारा एक'. मला हे मुळीच पटत नाही. चोराला चोरटा म्हटले की त्याची किंमत उतरते. एकट्याची उतरते का? 'एकट्याच्या बळावर घर उभे केले', 'एकटी सगळ्यांना पुरून उरली' असे आपण छाती फुगवून म्हणतो. चोरट्याविषयी असे अभिमानाचे वाक्य करून दाखवा. तुच्छतेचा प्रत्यय असा आपल्या सोयीने तुच्छता सोडून देत नसतो.

माझे मत असे की 'एकटा' आला आहे तो 'एकस्थ'पासून. एकस्थ म्हणजे एका ठिकाणी असलेले, एकवटलेले. प्राकृतात त्याचे 'एकट्ठ' होते. हिंदीने त्याचा 'इकट्ठा' केला: गोळा झालेले, एकत्र आलेले. मराठीने शेवटचा महाप्राण, म्हणजे 'ह'चा श्वास, सोडून दिला, जसा तो अनेकदा सोडते. हिंदीत हाथ, आपल्याकडे हात. हिंदीत भूख, आपल्याकडे भूक. तिकडे सीखना, इकडे शिकणे. त्याच चालीने तिकडे इकट्ठा आणि इकडे एकटा. हिंदीत जो शब्द सगळे जमल्याचे सांगतो, त्याचाच सख्खा भाऊ मराठीत एकट्या माणसाचे नाव झाला आहे! अर्थ उलटा झाला असे वरवर वाटते, पण तो उलटा झालेला नाही. एकटा म्हणजे ज्याचे सगळे एका जागी आहे तो. जे इतरत्र वाटले गेलेले नाही ते. गीतेच्या अकराव्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतात, 'इहैकस्थं जगत्कृत्स्नम्', इथे माझ्या देहात सगळे जग एकस्थ पाहा. त्या एकस्थात उणीव शोधून दाखवा. 'टा' प्रत्ययवाल्यांना मी हे अनेकदा सांगितले आहे. ते 'ध्वनिदृष्ट्या शक्य, पण पुरावा अपुरा' म्हणून मान हलवतात. त्यांच्या 'टा'चा पुरावा तरी कुठे पुरा आहे? अर्थ माझ्या बाजूने आहे, आणि हात-भूक-शिकणे ही साक्षीदारांची रांगही माझ्याच बाजूने आहे.

तुमच्या बाई ख्रिस्ती आहेत म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळे माझी या शब्दावरची माया दुप्पट झाली. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सातवा अध्याय काढा. पौल स्वतः बिनलग्नाचा होता. तो लग्नाला नावे ठेवत नाही. प्रत्येकाला देवाकडून आपापले वेगळे दान मिळालेले असते, असे म्हणतो. पण लग्न झालेला माणूस संसाराच्या चिंतेत आणि प्रभूच्या चिंतेत असा 'विभागलेला' असतो, असे तो सांगतो. ग्रीकमधले क्रियापद सरळ वाटणीचेच आहे, मालमत्तेचे वाटे पडतात तसे. बिनलग्नाच्या बाईचे चित्त प्रभूच्या गोष्टींवर असते. म्हणजे पौलाच्या हिशेबात ती कोण? जिचे वाटे पडलेले नाहीत ती. एकस्थ! आणि पुढच्याच ओळीत तो बजावतो की हे मी तुमच्या गळ्यात फास अडकवायला सांगत नाही. हे वाक्य लग्न जुळवायला निघालेल्यांनीही वाचावे आणि 'तू तर देवाचीच, तुला कसला संसार' म्हणून बिनलग्नाच्या बाईवर चर्चची सगळी कामे लोटणाऱ्यांनीही वाचावे. सुरयानी भाषेतल्या जुन्या ख्रिस्ती परंपरेत तर देवासाठी एकटे राहणाऱ्यांना 'इहिदाया' म्हणत, आणि देवाचा 'एकुलता एक पुत्र' म्हणून ख्रिस्तालाही तोच शब्द. एकटेपण तिथे इतक्या उंचीवर बसवलेले आहे. पोर्तुगीजांचा 'सोल्तैरा', म्हणजे बिनलग्नाची, हा शब्द याच्यापुढे गरीब: तो लॅटिनमधल्या 'सोलितारिउस'वरून आला, म्हणजे पुन्हा आपला एकाकीच.

'समाधानी' हा शब्द मात्र ठेवा, पण त्याचा अर्थ कळून ठेवा. सम् + आ + धा: नीट एका जागी आणून ठेवणे. वेदान्तात समाधान म्हणजे चित्ताची एकाग्रता. तृप्तीचा अर्थ मराठीत रुळला. म्हणजे एकटी आणि समाधानी हे शब्द अर्थाने शेजारीच राहतात. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो की आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी 'शिकलो' आहे, आणि हे तो कैदेतून लिहितो. मला त्यातला 'शिकलो' फार महत्त्वाचा वाटतो. बिनलग्नाच्या प्रत्येक बाईने ते जगणे हौसेने निवडलेले नसते. कुणाचे आईवडील अंथरुणाला खिळले, कुणाचे भाऊ तारवटी म्हणून बोटीवर गेले आणि घर तिच्यावर पडले, कुणाचे नुसतेच जुळले नाही. नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा संपते आणि लोक कुटुंबाकुटुंबाने घरी निघतात, ती वेळ सोपी नसते. तिथून समाधानापर्यंत यायला वर्षे लागतात. म्हणूनच ते 'असूनही'ने आणि 'म्हणूनच'ने, दोन्हींनी खोटे ठरते.

कुणी तुम्हाला 'व्रतस्थ' सुचवील, घेऊ नका. व्रत माद्री घेतात, म्हणजे आपण ज्यांना सिस्टर म्हणतो त्या. तुमच्या बाईंनी कसलीही शपथ घेतलेली नाही. 'जोगीण' तर नकोच. 'प्रौढ कुमारिका' हा वर्तमानपत्री शब्द ज्याने काढला त्याला भाषेचा कान नव्हता.

ख्रिस्ती जगण्याला मराठीत शब्द नाहीत, ही तक्रारही या निमित्ताने ऐकू आली. गोव्यात बसून असे म्हणावे याचे मला खरेच वाईट वाटते. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मोपदेशकाचे ख्रिस्तपुराण 1616 साली आपल्या सासष्टीत राचोलला छापले गेले, आणि ते ओवीबद्ध मराठीत आहे. शेजारच्या कोंकणीने तर या बाबतीत सगळ्यांना मागे टाकले आहे. बिनलग्नाच्या मुलीला कोंकणीत 'आंकवार' म्हणतात, आणि प्रार्थनेत मरियामातेला जे म्हणतात तेही 'आंकवार मरी'. लग्न न झालेल्या बाईसाठी आणि येशूच्या आईसाठी एकच शब्द. त्यात 'कुंवार' स्पष्ट ऐकू येतो. सुरुवातीचा 'आं' माझ्या मते नकाराचा नसून 'अचपळ'मधल्या 'अ'सारखा जोर देणारा आहे, पण तो विषय वेगळा लिहीन. शिवाय 'मादीन' आहेच, बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला हातावर घेणारी. हा शब्द पोर्तुगीज 'माद्रिन्य'वरून आला, आणि त्याच्या पोटात आई आहे. वाड्यावरच्या निम्म्या पोरांची मादीन असलेल्या बाईला 'एकाकी' कोण म्हणेल?

तर मानपत्र. 'त्या एकट्या राहिल्या आणि फिर्गजेच्या कामात समाधानी आहेत' असे सरळ लिहा. मधे 'आणि' येऊ द्या, 'पण' नको. लग्नाचा उल्लेखच गाळला तरी मानपत्राचे काही अडत नाही. दोतोर्न किती पोरांना शिकवली, कुठल्या फेस्ताला गाणी कुणी बसवली, हे लिहायला जागा होईल. राहिला नावाआधीचा प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत पण छापखान्यात येणारच. 'कु.' साठीच्या बाईंना लावू नका. ते शाळेच्या हजेरीपटावर ठेवा. 'सौ.' लागू नाही. 'श्रीमती'चा मूळ अर्थ श्रीयुक्त, त्यात काहीच वावगे नाही; पण आपल्याकडे तो विधवांसाठी राखून ठेवल्यामुळे कुणी चुकीचे वाचील. तुमच्या शाळेत सगळे त्यांना जे म्हणतात ते नावापुढे 'बाई' लावा, आणि छपाईला देण्याआधी मसुदा एकदा त्यांच्याकडेच द्या. त्यांची लाल पेन्सिल चांगली चालते असे दिसते.