बिजागरी दुरुस्त झाली, स्क्रीन मात्र काळी

प्रश्न : माझ्या लॅपटॉपची डावी बिजागरी सैल होऊन आवरणाला तडा गेला होता, म्हणून तो तपकीर गल्लीच्या परिसरातील एका दुकानात दुरुस्तीला दिला. परत मिळाल्यावर झाकण व्यवस्थित उघडते-मिटते, परंतु स्क्रीनवर काहीच दिसत नाही. बटण दाबले की दिवा लागतो, पंखाही फिरतो. दुकानदार म्हणतात, ‘बिजागरीचा आणि डिस्प्लेचा काय संबंध? मदरबोर्ड गेला असणार.’ त्यासाठी ते जवळजवळ निम्म्या लॅपटॉपची किंमत सांगत आहेत. काय करावे?
– एक वाचिका, कोथरूड

उत्तर : संबंध आहे, आणि तो अगदी जवळचा आहे. मदरबोर्डकडून, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डाकडून, स्क्रीनकडे जाणारी डिस्प्ले केबल बहुतेक लॅपटॉपमध्ये बिजागरीच्या अंगानेच वर चढते, त्यामुळे बिजागरी बदलताना ही केबल सोडवावी तरी लागते किंवा बाजूला तरी सारावी लागते. लॅपटॉप दुकानात जाईपर्यंत स्क्रीन चालू होती आणि परत आल्यावर ती बंद आहे, तर संशय आधी ज्या भागाला हात लागला त्यावर घ्यायचा. ‘मदरबोर्ड गेला’ हे निदान ग्राहकाला पडताळता येत नाही, म्हणून ते फार चटकन उच्चारले जाते. तुम्हाला मात्र त्याची बरीचशी पडताळणी घरीच करता येईल.

प्रथम लॅपटॉप एचडीएमआय केबलने घरातल्या टीव्हीला जोडा, सुरू करून एक-दोन मिनिटे थांबा आणि तरीही चित्र आले नाही तर विंडोजची कळ दाबून ठेवून ‘पी’ दाबा, मग बाणाच्या कळीने एकेक पर्याय निवडून एंटर दाबून पाहा. टीव्हीवर चित्र उमटले, तर प्रोसेसर, रॅम आणि मदरबोर्डाचा मोठा भाग शाबूत आहे असे समजावे. टीव्हीही काळाच राहिला तरी तेवढ्यावरून मदरबोर्ड बाद ठरत नाही. रॅम नीट न बसल्यासही असेच होते.

दुसरी चाचणी मला अधिक महत्त्वाची वाटते. खोलीत अंधार करा, लॅपटॉप सुरू करा आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनला अगदी जवळ, तिरपा धरून निरखून पाहा. कंपनीचे चिन्ह किंवा पासवर्डची चौकट पुसट दिसली, तर चित्र तयार होत आहे, फक्त त्यामागचा उजेड लागत नाही. साध्या एलसीडी स्क्रीनला स्वतःचा प्रकाश नसतो. तो मागच्या एलईडींच्या पट्टीतून येतो, त्यालाच बॅकलाइट म्हणतात. (ओलेड स्क्रीनला बॅकलाइट नसल्याने तिथे ही चाचणी निरुपयोगी आहे.)

बॅकलाइट का बंद पडतो, तेही समजून घ्या. आजच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये या केबलच्या टोकाला 30 किंवा 40 पिना असतात आणि दोन पिनांमधले अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. स्क्रीनच्या इलेक्ट्रॉनिक्सला साधारण 3.3 व्होल्ट लागतात, तर त्याच जोडणीतून बॅकलाइटसाठी बॅटरीच्या किंवा ॲडॉप्टरच्या जवळपास जाणारा, म्हणजे कधीकधी 19 व्होल्टपर्यंतचा दाब येतो. कारागिराने बॅटरी न सोडवता केबल लावली आणि ती जराशी तिरकी बसली, तर मदरबोर्डावरचा तिळाएवढा फ्यूज उडतो. हे नुकसान मदरबोर्डावरचेच असले, तरी त्यासाठी अख्खा मदरबोर्ड बदलण्याचे कारण नाही. चिप लेव्हलचे, म्हणजे मदरबोर्डावरचे सुटे भाग बदलण्याचे, काम करणारा कारागीर केबल तपासून तेवढा फ्यूज बदलू शकतो.

टीव्हीवर चित्र आहे, पण टॉर्चच्या उजेडातही स्क्रीन कोरी असेल, तर केबल सुटलेली किंवा चेमटलेली असण्याची शक्यता मोठी आहे. झाकण सावकाश मागे-पुढे करताना स्क्रीन क्षणभर लुकलुकली, तर दोष केबलमध्येच आहे असे जवळजवळ नक्की धरा. झाकण मिटल्याचे लॅपटॉपला कळावे म्हणून अनेक लॅपटॉपच्या चौकटीत एक लहान चुंबक असतो, तोही दुरुस्तीत सरकू शकतो आणि मग झाकण उघडे असतानाही लॅपटॉपला ते मिटलेलेच वाटते. तुमचा लॅपटॉप डेल कंपनीचा असेल, तर ‘डी’ कळ दाबून ठेवून पॉवरचे बटण दाबा. स्क्रीनवर पाठोपाठ वेगवेगळे रंग आले, तर निदान स्क्रीन तरी ठीक आहे.

आता त्याच दुकानात जा आणि लॅपटॉप तुमच्यासमोर उघडायला सांगा. आधी बॅटरी सोडवावी, मग केबल दोन्ही टोकांना नव्याने बसवावी आणि तरीही भागले नाही तर दुसरी केबल वा स्क्रीन लावून पाहावी, एवढे झाल्याशिवाय मदरबोर्डाच्या खर्चाला होकार देऊ नका. जुने बिल जपून ठेवा. पैसे देऊन करून घेतलेली दुरुस्ती 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेत मोडते, त्यामुळे दुकानदाराने हात झटकले तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

प्रश्न : लॅपटॉपमध्ये नवी रॅम टाकल्यापासून स्क्रीन काळी आहे. रॅम खराब निघाली का?
– एक विद्यार्थी, धनकवडी

उत्तर : रॅम डीडीआर5 या नव्या पिढीची असेल, तर आधी नुसते थांबा. नवी रॅम बसवल्यावर लॅपटॉप पहिल्यांदा सुरू होताना तिची जुळणी करून घेतो आणि त्यात काही मिनिटे स्क्रीन काळी राहू शकते. ॲडॉप्टर लावून दहा मिनिटे तो तसाच चालू ठेवा. उपयोग झाला नाही तर ॲडॉप्टर आणि बॅटरी सोडवा, पॉवरचे बटण तीस सेकंद दाबून ठेवा आणि रॅम काढून पुन्हा तिरपी आत सरकवा. खाली दाबल्यावर दोन्ही बाजूंच्या क्लिपांचा ‘टक्’ असा आवाज यायला हवा. त्यानंतर जुनी रॅम एकटी लावून पाहा. जुनीवर लॅपटॉप सुरू झाला आणि त्याच खाचेत नवी एकटी चालली नाही, तर नवी बदलून घ्या, आणि दुकानात जाताना लॅपटॉप बरोबर न्या.