पहिली भातलावणी करतोयस, तर एवढं ऐक

मुंबई सोडून शेत कसायला आलास, बरं वाटलं. बियाण्याचं सोपं आहे. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळव, त्यात भात टाक, तरंगेल ते पोचट काढून टाक. खालचं दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत सुकव. जात निवडायला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची माणसं मदत करतील.

माणसांचं मात्र आधीपासून बघ. तरवा, म्हणजे लावणीची भाताची रोपं, २०-२५ दिवसांचा झाला की लावणीला थांबता येत नाही आणि नेमकी तेव्हाच सगळ्या वाडीची घाई असते. म्हणून सावड धर. आज तू चार घरांच्या चिखलात उतरलास, तर उद्या चार घरं तुझ्या शेतात उभी राहतील. पैसे देऊन मोकळा होऊ नकोस, निदान पहिली दोन वर्षं तरी. माझ्या पहिल्या वर्षी मी मजुरीवर माणसं लावली. लावणी झाली, पण पुढे रात्री बांध फुटला तेव्हा मला हाक मारायला कुणी आलं नाही. सकाळी अर्ध्या खाचरातली रोपं वाहून गेलेली.

लावणी करणाऱ्या बायकांच्या शेजारी उभा राहा. किती काड्या चिमटीत धरायच्या, अंगठ्याने किती खोल रोवायच्या, हे त्यांच्या हाताकडे बघूनच कळेल. त्या गाणी म्हणतील, मध्ये बोलू नकोस, त्या लयीवरच हात चालतात.

आणि दसऱ्याला दाराला नवं, म्हणजे नव्या पिकाची जुडी, बांधायचं असतं. आंब्याच्या पानात भाताची लोंबी, कुरडूचं फूल. दोन लोंब्या शेजारच्या म्हातारीसाठी राख, तिचं शेत आता पडीक आहे.