प्रोटॉनचा हिशेब वेगळा मांड

तू प्रकाशसंश्लेषणाबद्दल विचारलंस की पाण्यातून सुटलेला प्रोटॉनच शेवटी एनएडीपीएचमध्ये (साखर बनवायला इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या रेणूत) जातो का, आणि रंकाळा तलावातल्या शेवाळात हे सगळं उसाच्या पानासारखंच चालतं का. पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं बरंचसं हो. गोंधळ त्या झेड आकृतीमुळे होतो, म्हणजे पाण्यापासून एनएडीपीएचपर्यंतची वाट दाखवणाऱ्या Z आकाराच्या चित्रामुळे. हिल आणि बेंडॉल यांनी १९६० मध्ये मांडलेली ती वाट फक्त इलेक्ट्रॉनची आहे. प्रोटॉन तिच्यात दिसतच नाही, म्हणून तोही मागोमाग जात असेल असं आपण धरून चालतो.

खरं तर दोघांची फारकत पाण्यापाशीच होते. प्रकाश टिपणारी यंत्रणा थायलाकॉइड नावाच्या चपट्या पिशव्यांच्या पडद्यात असते; पिशवीच्या आतली पोकळी म्हणजे ल्युमेन, बाहेरचा द्रव म्हणजे स्ट्रोमा. तिथल्या प्रकाशप्रणाली-२ मध्ये, ल्युमेनच्या बाजूला, चार मँगनीज आणि एक कॅल्शियम असलेलं केंद्र आहे. पी६८०ने (प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या हरितद्रव्याने) गमावलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन ते भरून देतं, आणि असे चार गेले की ऑक्सिजनचा एक रेणू सुटतो. अंधारातल्या नमुन्यावर क्षणिक झोत सोडले तर ऑक्सिजन तिसऱ्या, सातव्या, अकराव्या झोताला उसळतो. जोलियो यांचं हे निरीक्षण १९६९चं. पुढच्याच वर्षी कॉक यांनी त्याचं चार पायऱ्यांचं चक्र मांडलं. (चौथ्याऐवजी तिसरा का? अंधारात बहुतेक केंद्रं आधीच एक पायरी चढून थांबलेली असतात.) या चार पायऱ्यांवर प्रोटॉन साधारण १, ०, १, २ असे सुटतात. म्हणजे एका पायरीला इलेक्ट्रॉन जातो आणि प्रोटॉन एकही सुटत नाही! तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे.

आता ‘प्रोटॉन पंप होतात’ हे वाक्य. मला ते आवडत नाही. प्लास्टोक्विनोन हा इलेक्ट्रॉन वाहणारा रेणू पडद्याच्या स्ट्रोमाकडच्या अंगाला दोन इलेक्ट्रॉन घेतो आणि स्ट्रोमातलेच दोन प्रोटॉन उचलतो. मग पडद्यातून सरकत सायटोक्रोम बी६एफ या प्रथिनसंचापाशी येतो आणि ते प्रोटॉन ल्युमेनमध्ये सोडतो. एक इलेक्ट्रॉन प्लास्टोसायनिन या तांब्याच्या प्रथिनाकडे जातो, दुसरा मागे फिरून पुन्हा क्विनोनलाच मिळतो. या फेऱ्यामुळे प्रोटॉनची आवक दुप्पट होते.

आपल्याकडे उसाच्या लावणीत भांगलण वाचवायला ॲट्राझिन किंवा मेट्रिब्युझिन मारतात, ती नेमकी प्रकाशप्रणाली-२ मधली प्लास्टोक्विनोनची जागा अडवून बसतात. तण उपासमारीने मरतं असं सांगितलं जातं, पण त्याआधीच अडकलेल्या ऊर्जेतून तयार झालेला अतिक्रियाशील ऑक्सिजन त्याचे पडदे जाळतो. म्हणून परिणाम दिसायला ऊन लागतं. ऊस ॲट्राझिन मोडून निकामी करतो, म्हणून तो तगतो.

पुढचा टप्पा सोपा आहे: पी७०० (प्रकाशप्रणाली-१चं हरितद्रव्य), फेरेडॉक्सिन हे इलेक्ट्रॉन वाहणारं प्रथिन, मग एनएडीपी. तिथे लागणारा प्रोटॉन स्ट्रोमातला असतो. पाण्याचा प्रोटॉन ल्युमेनमध्येच पडतो आणि एटीपी सिंथेजमधून, म्हणजे पेशीचं ऊर्जाचलन एटीपी बनवणाऱ्या विकरातून, बाहेर येतो. नंतर तोच कुठे वापरला गेला तर सांगता येणार नाही, प्रोटॉनवर नाव लिहिलेलं नसतं.

हिशेब असा: एका ऑक्सिजनमागे चार इलेक्ट्रॉन, दोन एनएडीपीएच आणि ल्युमेनमध्ये बारा प्रोटॉन (चार पाण्याचे, आठ क्विनोनचे). पालकाच्या सिंथेजचं फिरतं चाक चौदा घटकांचं आहे, म्हणजे एका फेऱ्यात चौदा प्रोटॉनमागे तीन एटीपी. बारा प्रोटॉनचे झाले सुमारे २.६, आणि एक कार्बन डायऑक्साइड पकडायला लागतात तीन. ही तूट मुख्यतः चक्रीय प्रवाह भरतो: फेरेडॉक्सिनवरचे इलेक्ट्रॉन परत क्विनोनकडे जातात, एनएडीपीएच न बनता प्रोटॉन मात्र जमतात. उसाला सी४ मार्गामुळे (कार्बन डायऑक्साइड आधी चार कार्बनच्या आम्लात पकडून मग आवरण पेशींत सोडायच्या पद्धतीमुळे) दर कार्बनमागे आणखी दोन एटीपी लागतात. त्याच्या पानातल्या शिरांभोवतीच्या आवरण पेशींत प्रकाशप्रणाली-२ फारच कमी असते आणि चक्रीय प्रवाह जोरात चालतो, तो यासाठीच.

एटीपी बनायला थेट प्रकाश लागत नाही, ल्युमेन आणि स्ट्रोमा यांच्यातला प्रोटॉनचा फरक लागतो, हे जॅगेनडॉर्फ आणि उरिबे यांनी १९६६ मध्ये दाखवलं. पालकाचे थायलाकॉइड आधी पीएच ४ला मुरवले, मग अंधारातच पीएच ८च्या द्रावणात टाकले, आणि एटीपी तयार झालं. परीक्षेत हा प्रयोग जरूर लिही.

शेवाळात सांगाडा हाच आहे. क्लॅमिडोमोनाससारख्या हिरव्या शेवाळाला तांबं कमी पडलं, तर ते प्लास्टोसायनिनऐवजी लोहाचं सायटोक्रोम सी६ वापरतं. जास्त उन्हात ल्युमेन आंबट झालं की जादा ऊर्जा उष्णता करून टाकायची सोय दोघांतही आहे, मात्र ती आम्लता ओळखणारं प्रथिन वेगळं: झाडात पीएसबीएस, क्लॅमिडोमोनासमध्ये मुख्यतः एलएचसीएसआर३.