तुमचे प्रश्न: कन्सोलवरच मीडिया सर्व्हर चालेल का?

मागच्या वेळी मी घरातल्या घरात व्हिडिओ स्ट्रीम करण्याबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या आणि त्यावर इतके प्रश्न आलेत की हे सगळं पान त्यालाच देतोय. बहुतेकांचा सूर एकच आहे, टीव्हीखाली एवढं दणकट मशीन पडलंय तर वेगळा कॉम्प्युटर कशाला.

प्रश्न: माझ्याकडे प्लेस्टेशन ४ आहे. त्याला हार्ड डिस्क लावून त्यालाच सर्व्हर बनवायचंय, म्हणजे घरातल्या सगळ्या फोनवर आणि दुसऱ्या टीव्हीवर आमचे व्हिडिओ दिसतील. दोन रात्री घालवल्या पण सर्व्हरचं अ‍ॅपच सापडत नाहीये. माझं काय चुकतंय?

तुमचं काहीच चुकत नाहीये, तसं अ‍ॅप तिथे नाहीच. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करू, सर्व्हर म्हणजे फाइल देणारा आणि प्लेयर म्हणजे फाइल घेऊन दाखवणारा. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स हे दोन्ही चांगले प्लेयर आहेत, पण बंद सिस्टिम असल्यामुळे कंपनीने दिलं तेवढंच तिथे चालतं, आणि सर्व्हरला लागतं ते नेमकं उलटं, म्हणजे दिवसभर मागे गुपचूप चालत राहणारा प्रोग्रॅम. एक्सबॉक्सवर तुम्ही गेम उघडलात की आधीचं अ‍ॅप गोठवलं जातं, मग तिकडे आतल्या खोलीत कुणी काही बघत असेल तर ते तिथल्या तिथे थांबणार.

तुमच्या पीएस४ चा खरा उपयोग असा: सर्व्हर दुसरीकडे ठेवा, जुना लॅपटॉपसुद्धा चालतो, आणि पीएस४ वर मीडिया प्लेयर नावाचं अ‍ॅप घ्या. ते डीएलएनए (घरच्या नेटवर्कवर व्हिडिओ वाटून घ्यायची पद्धत) सर्व्हर आपोआप शोधतं. पेनड्राइव्हवरूनही चालवतं, पण पेनड्राइव्ह एफएटी३२ किंवा एक्सफॅट या प्रकारात फॉरमॅट केलेला हवा, आणि एफएटी३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, त्यामुळे एक्सफॅटच करा.

आणि हे फार महत्त्वाचं: हार्ड डिस्क लावल्यावर ती एक्स्टेंडेड स्टोरेज म्हणून फॉरमॅट करायचा पर्याय दिसेल, तो गेम ठेवण्यासाठी आहे. त्याला हो म्हणालात तर डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. घरचे व्हिडिओ असलेल्या डिस्कवर हे चुकूनही करू नका.

प्रश्न: स्टीम डेकवर जेलिफिन सर्व्हर चालतो असं मित्र म्हणतो. मी टाकला, दोन दिवस छान चालला, मग गेम खेळायला गेलो की बंद, झोपायला गेलो की बंद. आणि अपडेट आल्यावर एकदा सगळंच गायब झालं. हे कायमचं नीट कसं करायचं?

मित्र बरोबर सांगतोय. स्टीम डेक म्हणजे हातात धरायचा गेम कन्सोल आणि जेलिफिन म्हणजे मीडिया सर्व्हरचं सॉफ्टवेअर. हातातल्या कन्सोलमध्ये डेक वेगळा पडतो कारण त्यातली स्टीमओएस ही ऑपरेटिंग सिस्टिम आर्च लिनक्सवर उभी आहे, डेस्कटॉप मोडमध्ये गेलात की तो सरळ कॉम्प्युटरच आहे, १६ जीबी रॅम आहे, आणि प्रोसेसर ४ ते १५ वॅटमध्ये भागवतो, म्हणजे दिवसभर चालू ठेवायला काही हरकत नाही. तुमच्या तिन्ही अडचणींची कारणं मात्र वेगवेगळी आहेत, म्हणून एकेक घेऊ.

गायब का झालं, तर स्टीमओएसचा मूळ भाग फक्त वाचण्यापुरता असतो. बरेच जण ते कुलूप उघडून पॅकमॅनने (आर्चचं प्रोग्रॅम टाकायचं साधन) सर्व्हर टाकतात, तो टाकला जातोही, पण पुढचा अपडेट आला की सिस्टिमची अख्खी प्रत बदलते आणि तुमचा सर्व्हर जातो. होम फोल्डर मात्र तसाच राहतो. म्हणून सर्व्हर डिस्कव्हरमधून (डेस्कटॉप मोडमधलं अ‍ॅपचं दुकान) फ्लॅटपॅकच्या रूपात घ्या, म्हणजे मूळ सिस्टिमला हात न लावता टाकलं जाणारं अ‍ॅप. तिथे जेलिफिन नावाने एकापेक्षा जास्त गोष्टी दिसतील, त्यातला सर्व्हर घ्या, नुसता प्लेयर नको, ही चूक खूप जण करतात आणि मग सेटिंग शोधत बसतात. टाकल्यावर ब्राउझरमध्ये डेकचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक), कोलन आणि ८०९६ लिहिलं की पहिलं पान उघडतं. बाहेरच्या डिस्कमधले फोल्डर दिसत नसतील तर डिस्क खराब नाहीये, फ्लॅटपॅक अ‍ॅप स्वतःच्या कुंपणात असतं, फ्लॅटसील नावाच्या अ‍ॅपमधून त्याला त्या फोल्डरची परवानगी द्या.

गेम मोडमध्ये बंद का होतं, तर तुम्ही तो डेस्कटॉपवर आयकॉन दाबून सुरू करत असणार, आणि मोड बदलला की डेस्कटॉपवरचं सगळं बंद होतं. उपाय म्हणजे सिस्टिमडीची (लिनक्समध्ये प्रोग्रॅम आपोआप सुरू ठेवणारी सोय) युजर सर्व्हिस बनवणं. होम फोल्डरमध्ये एक छोटी मजकुराची फाइल असते, त्यात फ्लॅटपॅक सुरू करायची एक ओळ लिहायची आणि सर्व्हिस चालू करायची. ती डेस्कटॉपला नाही तर तुमच्या लॉगिनला बांधलेली असते म्हणून दोन्ही मोडमध्ये चालते, आणि होममध्ये असल्यामुळे अपडेटनंतरही टिकते. पहिल्यांदा लिहिताना थोडी भीती वाटते पण सहा-सात ओळींचं काम आहे, करून बघा.

आणि झोपेचं कारण सगळ्यात साधं. चार्जिंगला असताना किती वेळाने झोपायचं ते गेम मोडच्या सेटिंगमध्ये आहे, तिथे बंद करा, आणि डेस्कटॉप मोडचं पॉवरचं सेटिंग वेगळं असतं तेही बदला, एकच बदलून लोक वैतागतात. पॉवरचं बटण थोडकं दाबलं तरी डेक झोपतो हे घरच्यांनाही सांगून ठेवा. सतत चार्जिंगला राहणार असेल तर नवीन स्टीमओएसमध्ये बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे ती चालू करा, कायम १०० टक्क्यांवर ठेवलेली बॅटरी लवकर म्हातारी होते.

शक्य असेल तर डॉक (जास्तीची पोर्ट देणारा स्टँड) घ्या, कारण डेकला यूएसबी-सी पोर्ट एकच आहे आणि चार्जर, डिस्क, लॅन केबल तिन्ही लागणार. राउटरमध्ये डेकचा आयपी पत्ता कायमचा राखून ठेवा, नाहीतर एक दिवस तो बदलतो आणि घरातले सगळे टीव्ही एकदम सर्व्हर सापडत नाही म्हणतात.

एक स्पष्टच सांगतो, डेकवर रोज जड गेम खेळत असाल तर हा सर्व्हर त्याच्यावर ठेवू नका. प्रोसेसर एकच आहे, तुम्ही गेममध्ये आणि तिकडे व्हिडिओ बदलून पाठवायचं काम, दोघांचीही ओढाताण होते.

प्रश्न: सर्व्हर चालू आहे, माझ्या फोनवर सगळं मस्त दिसतं पण आईच्या टीव्हीवर तीच फाइल अडकत अडकत चालते. आणि सबटायटल लावले की जास्तच. इंटरनेट वाढवून घेऊ का?

नको! घरातल्या सर्व्हरवरून घरातल्या टीव्हीवर येताना इंटरनेटचा काही संबंधच येत नाही, सगळं राउटरपर्यंत जातं आणि तिथूनच परत येतं.

तुमच्या फोनला ती फाइल आहे तशी समजते म्हणून सर्व्हर ती नुसती उचलून देतो, याला डायरेक्ट प्ले म्हणतात आणि यात सर्व्हरला जवळपास काहीच काम नसतं. आईच्या टीव्हीला ती समजत नाही, मग सर्व्हर चालू असतानाच व्हिडिओ नव्याने बनवत पाठवतो, ते ट्रान्सकोडिंग. एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत) फाइल आणि जुना टीव्ही असं झालं की हेच होतं, पीएस४ च्या मीडिया प्लेयरलाही एचईव्हीसी चालत नाही. सबटायटलचंही तसंच, ब्लू-रेमधून आलेले सबटायटल अक्षरं नसतात तर चित्रं असतात, प्लेयरला ती जमली नाहीत तर सर्व्हरला ती प्रत्येक फ्रेमवर चिकटवावी लागतात, म्हणजे सगळा व्हिडिओ परत बनवणं आलं. एसआरटी फाइल, म्हणजे साध्या अक्षरांतले सबटायटल, वापरा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच सुटतं.

व्हिडिओ चालू असताना सर्व्हरच्या डॅशबोर्डवर बघा, डायरेक्ट प्ले की ट्रान्सकोड ते लिहिलेलं असतं, अगदी कारणासकट. मी कुणालाही मदत करताना सगळ्यात आधी तेच विचारतो. ट्रान्सकोड असेल आणि टाळता येत नसेल तर हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन चालू करा, म्हणजे हे काम ग्राफिक्स चिप करेल, डेकवर त्यासाठी व्हीए-एपीआय निवडायचं. डायरेक्ट प्ले असूनही अडकत असेल तर मग वायफाय बघा. साध्या ब्लू-रेचा व्हिडिओ ४० एमबीपीएसपर्यंत (सेकंदाला मेगाबिट) जातो, ४के ब्लू-रे १२८ पर्यंत, आणि बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट अजून १०० चंच असतं, म्हणजे मोठ्या ४के फाइलला केबल लावूनही अडखळायला होऊ शकतं.

प्रश्न: मराठी सबटायटल चौकोन चौकोन दिसतात.

फाइल नोटपॅडमध्ये उघडून यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. तरीही चौकोन असतील तर ज्या मशीनवर अक्षरं काढली जातायत तिथे देवनागरीचा फॉन्ट नाही. आणि चौकोनांऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसत असेल तर फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे, ती आधी कन्व्हर्ट करावी लागेल.

प्रश्न: जुना पीएस३ पडून आहे, त्यावर लिनक्स टाकून सर्व्हर होईल का? पूर्वी व्हायचं असं ऐकलंय.

बरोबर ऐकलंय. पीएस३ वर अदरओएस नावाची सोय होती, त्यातून लिनक्स टाकता यायचं, पण १ एप्रिल २०१० ला आलेल्या ३.२१ अपडेटने सोनीने ती काढून टाकली. लोक खूप चिडले होते आणि ते बरोबरच होतं, विकत घेतलेल्या वस्तूतली सोय नंतर काढून घेणं मला आजही पटत नाही. जुनं फर्मवेअर (मशीनमधलं मूळ सॉफ्टवेअर) असलेला सापडला तरी त्यात मुख्य रॅम २५६ एमबी आहे आणि सुरुवातीची जाड मॉडेल्स वीज भरपूर खातात, सर्व्हर म्हणून नकोच. प्लेयर म्हणून मात्र अजून कामाचा आहे, डीएलएनए त्याला नीट जमतं. एमकेव्ही फाइल चालत नाही, एमपी४ फाइलमध्ये एच.२६४ पद्धतीचा व्हिडिओ ठेवा.

कन्सोल आणि मीडिया यांचं नातं जुनंच आहे बरं का, आजचं कोडी हे मीडिया प्लेयर अ‍ॅप २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्ससाठी हौशी लोकांनी लिहिलेलं एक्सबॉक्स मीडिया सेंटर होतं, ६४ एमबी रॅमवर चालायचं. २०१७ च्या डिसेंबरात ते एक्सबॉक्स वनवर रीतसर परत आलं.

प्रश्न: बाहेरगावी असताना घरचे व्हिडिओ बघायचेत. राउटरमध्ये ८०९६ पोर्ट उघडलं, बरोबर केलं ना?

आजच बंद करा. पोर्ट उघडणं म्हणजे बाहेरच्यांना थेट सर्व्हरपर्यंत यायला दार ठेवणं. उघडं पोर्ट काही तासांत कुणीतरी चाचपडायला लागतं. टेलस्केल हे खासगी जोडणीचं (व्हीपीएन) अ‍ॅप सर्व्हरवर आणि फोनवर टाका, मग बाहेर असूनही फोन घरच्या नेटवर्कमध्येच असल्यासारखा वागतो आणि राउटरमध्ये काही उघडावं लागत नाही.

तुमच्या पत्रात मुलांचे लहानपणापासूनचे व्हिडिओ त्या एकाच डिस्कवर आहेत असं लिहिलंय म्हणून विचारलं नसतानाही सांगतो. सर्व्हर म्हणजे बॅकअप नाही. माझी एक डिस्क अशीच एका सकाळी टकटक आवाज करून गेली, तीन वर्षांचे घरचे व्हिडिओ होते, बहिणीच्या लॅपटॉपवर थोडे मिळाले, बाकीचे गेले ते गेलेच. दुसरी डिस्क घ्या, महिन्यातून एकदा कॉपी करा आणि ती वेगळ्या घरी ठेवा.