सेप्टम : पडदा, पटल की भिंत?

प्रश्न असा आला आहे : टूडी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टात ‘आयएएस, आयव्हीएस इन्टॅक्ट’ असं असतं. त्यातला एस म्हणजे सेप्टम; आयएएस हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधला, आयव्हीएस खालच्या दोन कप्प्यांमधला. त्याला मराठीत काय म्हणावं?

मूळ लॅटिन शब्द सेप्टम, म्हणजे कुंपण घातलेली जागा. सेप्टिक टँकमध्येही मधली भिंत असते, पण तिथला ‘सेप्टिक’ हा कुजण्याच्या अर्थाच्या ग्रीक धातूवरून आलेला. दोघांचं नातं नाही. एकवचन सेप्टम, अनेकवचन सेप्टा. ‘सेप्टाज’ म्हणू नये.

शरीरातल्या दोन पोकळ्यांना किंवा भागांना वेगळं करतो तो सेप्टम. नाव पडलं ते कामावरून, जाडीवरून नव्हे. म्हणूनच ‘पडदा’ सगळीकडे चालत नाही. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधला सेप्टम पातळ, त्याला पडदा शोभतो. खालच्या दोन कप्प्यांमधला बहुतांशी स्नायूचा, मोठ्या माणसात साधारण 6 ते 10 मिमी जाड. तिथे भिंतच म्हणावं. ‘पटल’ भारदस्त खरं, पण दृष्टिपटल, कर्णपटल, श्वासपटल यांनी ते आधीच अडवून ठेवलं आहे आणि यातलं एकही सेप्टम नाही. तेव्हा वरच्या ओळीचं मराठी ‘हृदयाच्या कप्प्यांमधल्या दोन्ही भिंती शाबूत’. ‘हृदयाला भोक’ म्हटलं की बाहेरून रक्त गळत असेल असं घरच्यांना वाटतं. भोक असतं ते या आतल्या भिंतीत. ‘हृदयाच्या आतल्या भिंतीला भोक’ एवढे दोन शब्द वाढवले तरी घोटाळा टळतो.

नाकात मात्र ‘पडदा’ रुळला आहे, तो राहू द्यावा. पुढे कूर्चा (हाडापेक्षा मऊ, लवचीक भाग), मागे हाड अशी त्याची घडण. बोटाने हलतो तो कूर्चेचा भाग. मागच्या एका हाडाचं नाव व्होमर, म्हणजे लॅटिनमध्ये नांगराचा फाळ, आकारही तसाच. ‘नाकाचं हाड वाढलंय’ असं सांगत येणाऱ्या पुष्कळांचा हा पडदा नुसता एका बाजूला कललेला असतो, वाढलेलं काही नसतं. घोळणा फुटतो तेव्हाही रक्त बहुधा याच पडद्याच्या पुढच्या भागातून येतं, कारण तिथे बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं अगदी वरवर असतं.

वनस्पतिशास्त्रातही हाच शब्द चालतो. संत्र्याच्या दोन फोडींमधला पापुद्रा हाही सेप्टमच, पण त्याला पापुद्राच म्हणा.